मिऱ्यात मिसळलेले

तर झाले असे. धाकटी लेक जर्मनीहून पंधरा दिवसांसाठी घरी आली होती. ती तिकडे फ्रायबुर्ग नावाच्या गावी असते, ब्लॅक फॉरेस्टच्या अगदी पायथ्याशी. येताना तिने नातवंडांसाठी चॉकलेटे, माझ्यासाठी एक लोकरी टोपी (दारव्ह्याच्या उन्हात!) आणि स्वयंपाकघरासाठी एक लहानशी काचेची बाटली आणली. बाटलीत निळसर झाक असलेले काळे, गोल दाणे होते. सूनबाईंना वाटले, मिरे. घरचा मिऱ्याचा डबा नेमका तळाला गेला होता, म्हणून त्यांनी बाटली सरळ त्यात रिकामी केली. त्याच संध्याकाळी मला पडसे झाले म्हणून सुंठ-मिऱ्याचा काढा करून आणला.

एक घोट घेतला आणि मला एकदम चौथीचा वर्ग आठवला. काढ्याला पेन्सिलीचा वास येत होता! ब्लेडने पेन्सिल तासली की टोकाजवळच्या लाकडाला जो वास येतो, अगदी तोच. तिखटपणा नावाला नव्हता. मागून थोडा कडसरपणा, थोडा गोडवा. मी म्हटले, "सूनबाई, यात काय घातलेत?" लेक स्वयंपाकघरात धावली, डबा उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, हे मिरे नाहीत, वाखोल्डर आहे. कोबीत घालायला आणलं होतं."

मग रात्री जेवणानंतर आम्ही तिघे मोठ्या ताटात तो डबा ओतून धान्य निवडल्यासारखे दाणे निवडत बसलो. मिरे सुरकुतलेले, टणक. हे दाणे थोडे मोठे, बोटाने दाबले तर दबणारे, आणि एका टोकाला तीन रेघांची चांदणी. सगळे हसत होते. मीही हसत होतो. हसता हसता कुठेतरी थांबलो. मिऱ्याच्या ढिगातून मिऱ्यासारखे दिसणारे दुसरे काहीतरी निवडणे, हे मी पूर्वी पाहिलेले होते. निवडणे नव्हे, त्याच्या उलट. पण ते पुढे सांगतो.

वाखोल्डर म्हणजे इंग्रजीतले ज्युनिपर. लेक परत गेल्यावर मी त्या दाण्याच्या मागे लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि नातवाने कॉम्प्युटर शिकवल्यापासून तर झोपही कमी झाली आहे.

पहिली गंमत म्हणजे याला 'बेरी' म्हणतात खरे, पण ते फळच नव्हे. ज्युनिपर हे चीड-देवदाराच्या वर्गातले झाड, बहुधा झुडूप. चिडाला लाकडी शंकू येतात ना, तसाच हा शंकू. फक्त याचे खवले लाकडासारखे न होता गरासारखे मऊ होतात आणि एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा बनतो. त्या टोकावरच्या चांदणीच्या रेघा म्हणजे खवले जुळल्याच्या शिवणी. हा गोळा पिकायला दोन-तीन वर्षे घेतो. त्यामुळे हिरवे आणि काळे दाणे शेजारी शेजारी असतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मागचा आणि पुढचा बहार एकाच फांदीवर. पाने म्हणजे नुसते काटे. तोडायला गेले की हात सोलपटतात, म्हणून खाली कापड पसरून फांद्या झोडपतात. अजूनही याची शेती अशी फारशी नाही, बहुतेक माल रानातूनच गोळा होतो. आणि पेन्सिलीचा वास काही माझा भ्रम नव्हता. जुन्या उत्तम पेन्सिली ज्या अमेरिकन 'रेड सीडर'च्या लाकडाच्या होत, ते झाड नावाने सीडर असले तरी कुळाने ज्युनिपरच. म्हणजे नावाचा घोळ या घराण्यात सगळीकडेच आहे.

दुसरी गंमत त्याहून मोठी. हा दाणा आपल्याला परका नाही. हिमालयात काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत उंचावर ही झुडपे आहेत. लडाखात तिच्या पाल्याला शुक्पा म्हणतात आणि पूजेत तिचा धूप जाळतात. हिंदीत दाण्याला हाऊबेर म्हणतात, आणि आपल्या आयुर्वेदात ती हपुषा. चरकसंहितेत पोटाच्या विकारांवर नारायण चूर्ण सांगितले आहे, त्यात ओवा, धने, जिरे, त्रिफळा, सुंठ, मिरे, पिंपळी अशा नेहमीच्या मंडळींच्या पंगतीत हपुषा बसलेली आहे. म्हणजे मिरे आणि हपुषा एकाच चूर्णात, पण दोघांचीही नावे घेऊन.

यातले ओवा, धने, जिरे, सुंठ, मिरे वैद्याच्या बटव्यातून (किंवा उलट दिशेने, काय सांगावे!) आपल्या मिसळणाच्या डब्यात आले. हपुषा आली नाही. ती काष्ठौषधीच्या दुकानातच राहिली. असे का, याचा मी बराच विचार केला. एक तर ती यायची हिमालयातून, वाळून, महाग होऊन. ज्या देशात मलबारचे मिरे मिळते त्या देशात तिला स्वयंपाकघरात कोण विचारणार? दुसरे कारण मला तिच्या नावात दिसते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हपुषेला 'विस्रा' आणि 'मत्स्यगंधा' अशी नावे दिली आहेत. विस्रा म्हणजे कच्च्या मांसासारखा वास असलेली, आणि मत्स्यगंधा म्हणजे महाभारतातली सत्यवती आठवून घ्या. आता मला काढ्यात माशाचा वास आला नव्हता, पेन्सिलीचा आला होता. म्हणूनच ग्रंथातली हपुषा आणि बाजारातले ज्युनिपर एकच की निराळी यावर वैद्यांमध्येही एकमत नाही. पण माशाचा वास म्हणून ज्या वस्तूची ओळख करून दिली, ती कोणती गृहिणी वरणात घालील? कोकणातल्या गृहिणीने तर माशाचा वास मारायलाच तिरफळ शोधून काढले आहे. बांगड्याच्या आमटीत तिरफळ टाकायचे, वास उतरू द्यायचा आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवायचे. लेक सांगते, तिकडे हरणाच्या किंवा रानडुकराच्या मटणात वाखोल्डर असेच टाकतात आणि असेच बाजूला काढतात. आमच्या वऱ्हाडात ना तिरफळ ना हपुषा. आम्ही दगडफूल, कलमी, तेजपान आणि मिरे यांवर समाधानी.

पण या सगळ्यात मला जे सापडले आणि ज्यामुळे हा लेख लिहायला बसलो, ते रोममध्ये सापडले.

प्लिनी नावाचा एक रोमन गृहस्थ होता. मोठा सरकारी अधिकारी, आणि वाचनाचे वेड असलेला. इसवी सन ७७च्या सुमारास त्याने निसर्गावर सदतीस खंडांचा ग्रंथ पुरा केला आणि दोनच वर्षांनी, ७९ साली, व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा लोकांना वाचवायला म्हणून जहाजे घेऊन गेला आणि तिथेच मेला. मी बी.ए. मराठी माध्यमातून झालेला माणूस, माझे इंग्रजी शब्दकोशाच्या काठीवर चालते. पण या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर आहे, आणि त्याच्या बाराव्या खंडातले मिऱ्याचे प्रकरण मी तीन दिवस घेऊन नीट वाचले.

प्लिनी मिऱ्यावर चिडलेला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की या वस्तूला ना रूप ना गोडवा, तिखटपणा एवढाच तिचा गुण आणि त्यासाठी आम्ही हिंदुस्थानापर्यंत जातो! पहिल्यांदा हे कोणी खाऊन पाहिले असेल, असेही तो विचारतो. मिरे आणि आले आपापल्या देशात रानात उगवतात, आणि आम्ही ती सोन्याचांदीसारखी तोलून घेतो, हे त्याचे दुःख. मग तो एखाद्या वाण्यासारखा भावही लिहून ठेवतो. एका रोमन पौंडाला (आपले सव्वातीनशे ग्रॅम) पिंपळी पंधरा दिनार, पांढरे मिरे सात, काळे मिरे चार.

आणि या भावांच्या मागेपुढेच भेसळीची हकीकत आहे. पिंपळीत अलेक्झांड्रियाची मोहरी मिसळतात. आणि मिऱ्यात मिसळतात ज्युनिपरचे दाणे. हे दाणे मिऱ्याचा तिखटपणा नवल वाटावे असा उचलतात, असे तो सांगतो.

दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईंनी केलेली चूक रोमचा वाणी मुद्दाम करत होता! आणि रोमचे गिऱ्हाईक ते मिरे म्हणून, चार दिनार मोजून, नेत होते. ज्युनिपर तिकडच्या डोंगरावर फुकट उगवायचे. मिरे मलबारच्या मुझिरिस बंदरातून निघायचे, मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचे, तांबड्या समुद्राच्या बंदरात उतरायचे, वाळवंटातून उंटावर नाईल नदीपर्यंत जायचे आणि तिथून पुढे पुन्हा जहाज. त्या वाटेवरच्या बेरेनिके बंदरात उत्खनन झाले तेव्हा देवळात एका हिंदुस्थानी रांजणात साडेसात किलो मिरे सापडले, काळे पडलेले पण ओळखू येणारे. आपले पैठण आणि तेर ही गावे त्याच काळातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात आली आहेत हे इतिहासाच्या तासाला मी किती वर्षे शिकवले. पण तो व्यापार म्हणजे कोणाच्या तरी दुकानात बसून कोणीतरी पुड्या बांधत असणार, हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते.

तो पुड्या बांधणारा माणूस. त्याला महिन्याला किती मिळत असेल?

आता बाबांचे सांगतो. आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतील, त्यांना हे रुचेल की नाही मला माहीत नाही. बाबांना जाऊन छत्तीस वर्षे झाली. ज्यांच्या दुकानात ते होते ते मालकही गेले, दुकानही राहिले नाही. नाव मी लिहीत नाही, कोणी तर्क करत बसू नये.

बाबा दारव्ह्यात एका किराणा दुकानात मुनीम होते. नावाचे मुनीम. वह्या लिहायच्या, शिवाय गिऱ्हाईक असेल तर पुड्याही बांधायच्या आणि मोतीबाग स्टेशनवर माल आला की उतरवून घ्यायलाही जायचे. तेव्हा आमची शकुंतला रेल्वे जोरात होती. १९०३ साली कापूस न्यायला म्हणून घातलेली ही छोटी गाडी, मुर्तिजापूरहून यवतमाळला जायची. कापूस बाहेर जायचा आणि येताना किराणा यायचा. खोबऱ्याची पोती, गुळाच्या भेल्या, आणि मसाल्याची लहान पोती. मी बाबांबरोबर जायचो. वाफेच्या इंजिनाचा धूर, आणि त्यात मसाल्याच्या पोत्याजवळ उभे राहिले की शिंका. मिऱ्याचे पोते सगळ्यात लहान असायचे आणि बाबा ते हमालाकडे न देता स्वतः उचलायचे.

मी नऊ वर्षांचा असेन, म्हणजे १९५९च्या आसपासची गोष्ट. आमच्या अंगणात पपईची दोन झाडे होती. पपई मूळची अमेरिकेतली, सोळाव्या शतकात पोर्तुगीज-स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून इकडच्या देशांत आली. पण आमच्या अंगणात ती जणू आदिकालापासून होती. त्या उन्हाळ्यात पपई कापली की बी टाकू नका असे बाबांनी सांगितले. आई ते बी राखेत चोळायची, म्हणजे वरचा बुळबुळीत पदर निघून जातो. मग धुऊन धाब्यावर गोणपाटावर वाळत घालायचे. कावळे येऊ नयेत म्हणून राखण करायचे काम माझे. चार-पाच दिवसांत ते बी आक्रसून, सुरकुत्या पडून काळे व्हायचे. शेजारच्या घरांतूनही बी यायचे. बाबा ऑफिसातून आल्यासारखे संध्याकाळी वर यायचे, मूठभर बी हातात घेऊन पाहायचे आणि काही न बोलता खाली जायचे.

एका रात्री आई आणि बाबा बोलत होते. मी झोपलो आहे असे त्यांना वाटत होते. बाबा म्हणाले, "शेराला छटाक म्हणतात." आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आणि नाही म्हटलं तर?" बाबांनी उत्तर दिलेले मला ऐकू आले नाही. आम्ही पाच भावंडे होतो आणि महिन्याचा पगार चाळीस रुपये होता. हे उत्तर नव्हे, हे मी आता जोडतो आहे.

शेराला छटाक म्हणजे सोळाला एक. मला तेव्हा कोष्टक पाठ होते, पण कशाचा हिशेब आहे ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी गोणपाटावरचे बी नव्हते.

त्यानंतर बाबांनी मिरे खाणे सोडले. कढीत, भातात, मटणाच्या रश्श्यात कुठेही मिऱ्याचा दाणा आला की बोटाने बाजूला सारायचे. आम्हाला वाटायचे त्यांना तिखट सोसत नाही. पण ठेचा ते भाकरीबरोबर बोट बोट खायचे.

भेसळीविरुद्धचा कायदा तेव्हा झालेला होता, १९५४चा. पुढे २००६ साली त्याच्या जागी नवा आला. मी मास्तर झाल्यावर विज्ञानाचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचे तास माझ्या गळ्यात पडत. त्यात अन्नभेसळीचा पाठ असे आणि त्यात हा प्रयोग: एका पेल्यात पाणी घ्या, मिऱ्याचे दाणे टाका, मिरे बुडते, पपईचे बी तरंगते. मी हा प्रयोग वर्गात किती वेळा केला असेल! पोरे टेबलाभोवती गर्दी करत. "सर, तरंगलं, तरंगलं!" म्हणून ओरडत. (पोकळ मिरेही कधी कधी तरंगते, हेही मी सांगायचो. नाहीतर पोरे घरी जाऊन वाण्याशी भांडायची.) पपईचे बी मी घरूनच न्यायचो. राखेत कसे चोळायचे ते मला कोणी शिकवावे लागले नाही. एकदा एका मुलीने विचारले, "सर, हे मिसळतं कोण?" मी म्हटले, "लोभी माणसे." पुस्तकात तेच होते. त्या दिवशी घरी आलो तेव्हा बाबा ओसरीवर बसून पेपर वाचत होते.

आता प्लिनी वाचताना माझ्या मनात जे आले ते असे. ज्युनिपर आणि पपईचे बी यांचा धंदा एकच, दुसऱ्याच्या नावाने खपण्याचा. पण ज्युनिपर त्यातून बाहेर पडले. जिथे मिरे सोन्याच्या भावाने येते आणि ज्युनिपर घराच्या मागच्या डोंगरावर आहे, तिथे कोणीतरी गरीब बाईने ते उघडपणे, ज्युनिपर म्हणूनच भांड्यात टाकले असणार. मिऱ्याचा तिखटपणा नाही हे तिला कळलेच असेल, पण चरबट मटणात आणि आंबवलेल्या कोबीत तो रानाचा वास बरा लागतो हेही कळले. जर्मन लोकांचा आंबट कोबी, शेजारच्या अल्सास प्रांतातला तसाच कोबी, धुरावलेले मांस, सगळ्यात आज ते हक्काने आहे. फिनलंडात साहती नावाची घरगुती बिअर ज्युनिपरच्या फांद्यांच्या थरातून गाळतात. डच लोकांनी त्याची दारू केली, तिचे नाव येनेव्हर. इंग्रजांनी ते नाव आखडून जिन केले आणि इतकी प्यायले की अठराव्या शतकात जिनला आवर घालायला पार्लमेंटला एकामागून एक कायदे करावे लागले. म्हणजे जिन या शब्दात ज्युनिपरच आहे. एके काळी दुसऱ्याच्या नावावर खपणाऱ्या दाण्याच्या नावावर आता एक अख्खी दारू चालते! मी घेत नाही, पण गोष्ट मान्य करावी लागते.

आणि गंमत म्हणजे हे वर्तुळ आपल्या दारात येऊन पोचले आहे. २०१८ साली गोव्यात तयार होणारी एक जिन बाजारात आली, तिचे नाव हापुसा. माझ्या पुतण्याने मुंबईहून फोन करून सांगितले, "काका, हापूस आंब्याची दारू निघाली!" तसे नव्हे. तो आपला हपुषाच, रोमन लिपीतून फिरून आलेला. हिमालयातले ज्युनिपर त्यात असते म्हणून ते संस्कृत नाव दिले. (तिच्यात कैरीही घालतात म्हणे, म्हणजे पुतण्या अगदीच चुकला नव्हता.) हापूस हा शब्द पोर्तुगीज अफोन्सोवरून आला आणि हपुषा चरकापासूनची, पण दोघांची गाठ पडली ती गोव्यात, एका बाटलीवर. चरकाच्या पंगतीत बसलेली आणि आपल्या स्वयंपाकघराने दारातूनच परत पाठवलेली ही बाई, शेवटी अशी आली.

पपईच्या बीला मात्र हे भाग्य लाभले नाही. खरे म्हणजे ताजे पपईचे बी चावून पाहा, मोहरीसारखे नाकात जाते. त्याचे काहीतरी होऊ शकले असते. पण आपल्याकडे त्याला कोणी स्वतःच्या नावाने विकतच नाही. मिऱ्याचा तिखटपणा ज्याच्यामुळे येतो ते पिपरिन हे द्रव्य १८१९ साली अर्स्टेड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने वेगळे काढले. हो, तोच, ज्याच्या होकायंत्राची सुई विजेच्या तारेजवळ हलली होती, १८२० साली. पपईच्या बीत पिपरिन नाही, ज्युनिपरमध्येही नाही. एक नुसता दिसण्यावर गेला आणि एक वासावर राहिला. वास तरी ज्युनिपरचा आणि मिऱ्याचा थोडा मिळतो. पाइन झाडात असते ते सुगंधी द्रव्य दोघांतही आहे. त्यामुळे रोमन वाण्याचे काम सोपे होते. बाबांचे नव्हते. बाबांना फक्त सुरकुत्यांवर भरवसा ठेवायचा होता.

निवडून ठेवलेल्या दाण्यांचे काय केले ते सांगायचे राहिले. लेक जायच्या आदल्या दिवशी तिने पत्ताकोबीची भाजी तिकडच्या पद्धतीने केली. कोबी आंबवायला वेळ नव्हता म्हणून ताक घातले, सात-आठ वाखोल्डर ठेचून टाकले. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हे खाऊ नये असे तिकडे सांगतात, म्हणून मोठ्या सूनबाईंच्या भाचीला तिने ती भाजी वाढली नाही. बाकीच्यांनी खाल्ली. नातू म्हणाला, "आजोबा, कंपासपेटी खाल्ल्यासारखं वाटतं." मला आवडली. सगळ्यांना मीच एकटा खोटे बोलतो आहे असे वाटले.

हे सगळे लिहून झाल्यावर मी दिग्रसला ताईला फोन केला. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येते, पण स्मरण माझ्यापेक्षा पक्के. पाचांत आता आम्ही दोघेच. बाबांबद्दल लिहितो आहे तर तिला विचारल्याशिवाय कसे लिहायचे? मी धाब्यावरच्या पपईच्या बीचे विचारले. ती लगेच म्हणाली, "हो, वाळवे नं माय. जंतावरचं औषध होतं ते. तुलेच लय जंत होत, आठोते का?"

मी म्हटले, "ताई, दोन गोणपाटं भरून? शेजारच्या घरांतूनही आणत होतो आपण."

ती काही बोलली नाही. मला वाटले फोन कटला. मग म्हणाली, "बाबानं एक दिवस ते सारं उकिरड्यावर नेऊन टाकलं. म्या पाह्यलं. माय रडे तवा."

मी विचारले, कधी? दुकानात न्यायच्या आधी, की नंतरच्या वर्षी? एकदाच, की दरवर्षी?

"आता ते कसं सांगू, बापू," ती म्हणाली. "पण टाकलं, एवढं पक्कं." आणि मग सूनबाईंच्या पडशाचे विचारू लागली. पडसे मला झाले होते, सूनबाईंना नव्हे, पण मी दुरुस्त केले नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बाबांनी ते दुकान सोडले आणि जिनिंग फॅक्टरीत कापूस तोलायला लागले, हे मला नक्की आठवते. पगार पस्तीस रुपये होता. मिरे त्यांनी पुढेही कधी खाल्ले नाही.